आमची वाटचाल : एक वळू आणि एक वही

सांगोला तालुक्यातील आमच्या वस्तीवर खिल्लार पैदाशीचे काम वडिलांनी चार गाईंवर सुरू केले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, खोंडांचे भाव बसले आणि पुढची सात वर्षे आम्ही कशीबशी काढली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, आणि जो तो आमच्या कोशा वळूचेच रक्त मागू लागला.

तो वळू खरोखरच देखणा होता : लांबट कपाळ, मागे जाऊन वर वळलेली शिंगे, गळ्याखाली लोंबणारी बेताची पोळी, घट्ट बांध्याचे वशिंड. त्याचे गुण पक्के व्हावेत म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याच अकरा लेकींना तोच वळू लावला. याला जाणकार लाइन ब्रीडिंग, म्हणजे एकाच वंशात केलेली पैदास, म्हणतात. बापलेकींच्या बाबतीत ते सरळसरळ इनब्रीडिंग, म्हणजे अगदी जवळच्या रक्तातली पैदास असते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

जानेवारी २०२३ मध्ये एका पहाटे पहिली गाय व्याली. वासराचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात मुडपलेले होते, ते हाताने सरळ होत नव्हते. बाटलीने चीक पाजला, तर तो नाकावाटे बाहेर आला; तोंडात बोट घालून पाहिले तेव्हा टाळूला फट लागली. वासरू दुसऱ्या दिवशी गेले. २५ ऑक्टोबरचे सूर्यग्रहण गाभण गाईला बाधले, असे सगळे म्हणाले, आणि मीही ते मानले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या गाईचे वासरू तसेच निघाले, तेव्हा डॉक्टरांनी वही मागितली.

ही वही खाकी पुठ्ठ्याची, वडिलांच्या हातची आहे. तिच्यात गाईचे नाव, तिचा बाप, लावल्याची तारीख, वळू आणि व्याल्याची तारीख असे रकाने आहेत. डॉक्टरांनी दोन्ही ओळींवर पेन ठेवला : गाईचा बाप आणि वासराचा बाप एकच. असा दोष एकाच बाजूने आला तर जनावर धडधाकट राहते, दोन्ही बाजूंनी आला तरच तो उघडा पडतो. दोष वाहणाऱ्या वळूच्या सुमारे निम्म्या लेकी वाहक निघतात, आणि वाहक असोत-नसोत, सगळ्या लेकींना तो लावल्यास सरासरी आठांत एक वासरू बाधित जन्मते. परक्या गाईंवर त्याची वासरे इतकी वर्षे उत्तम निघाली, ती यामुळेच.

ज्यांनी त्या वळूची नर वासरे पैदाशीसाठी नेली होती, त्या चौदा जणांना मी स्वतः फोन केले. त्यांतल्याच एका व्यापाऱ्याने सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात, ‘त्या गोठ्याच्या रक्तात खोट आहे,’ असे उभ्याने सांगितले. आमच्याकडूनच नेलेला खोंड त्याच्या दावणीला होता, हे मात्र सांगितले नाही. सहा जणांनी इसार परत मागितला, मी दिला. गोठ्याचे कर्ज थकले आणि आठ गाई विकाव्या लागल्या, हे आजही मनाला लागते.

त्या काळात मंगळवेढ्याचे आबा आले. ज्वारीच्या रानासाठी त्यांनी आमच्या चार जोड्या नेल्या होत्या. वहीवर हात ठेवून ते म्हणाले, “ह्यात लिव्हलंय न्हवं सगळं? मग त्या रक्ताभायेरची कालवड दे मला.” त्या एका सौद्यावर आम्ही पुन्हा उभे राहिलो. कोशाचे काम कायमचे थांबवून आटपाडीकडून परक्या रक्ताचा वळू आणला.

नव्या गोपालकांना माझे सांगणे आहे, की पहिल्या लेकी माजावर येण्याआधी वळू बदलावा. बापलेकींच्या वासरात इनब्रीडिंगचे प्रमाण २५ टक्के, सावत्र भावंडांच्या आणि आजा-नातीच्या वासरात १२.५ टक्के येते. ‘पाच लेकींना चांगली वासरे झाली,’ यावर विसंबू नये; वळू वाहक असूनही पाचही निरोगी निघण्याची शक्यता निम्मी असते. १९५२ साली जन्मलेल्या ऑस्बॉर्नडेल आयव्हानहो या होल्स्टीन वळूच्या वंशातून ब्लॅड हा वासरांची रोगप्रतिकारशक्ती लुळी करणारा आनुवंशिक आजार देशोदेशी पसरला. आज त्याची जनुकीय तपासणी होते, परंतु ज्या दोषाचे जनुक सापडले आहे त्याचीच तपासणी करता येते. बाकीच्यांना वही हाच आधार.

आता प्रत्येक खोंडाबरोबर आम्ही तीन पिढ्यांच्या पानाची प्रत देतो. त्या व्यापाऱ्याचे ग्राहकही हल्ली आपल्या वळूचा आजा कोण, हे विचारायला आमच्याकडे येतात, आणि मी त्यांना वही उघडून दाखवतो.