लंगडीची सवय आणि शिट्टी

हर्णै बंदरात होड्यांवरची मासळी बैलगाडीत घालून पाण्यातूनच काठाला आणतात. आमच्या शाळेच्या नेटबॉल (बास्केटबॉलसारखाच, पण बॉल हातात घेऊन पळता न येणारा खेळ) टीमची सेंटर, म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळणारी मुलगी, तिथलीच. एका शनिवारी मी सुरमईचा भाव विचारत उभी होते, तर ही बया हिंदकळणाऱ्या गाडीत मासळीचा टप दोन्ही हातांत घेऊन उभी. अनवाणी, ओल्या फळीवर, कशाचा आधार नाही. मला बघून हसलीसुद्धा. आणि त्याच आठवड्यात सामन्यात पहिल्या पंधरा मिनिटांत हिच्याविरुद्ध पाच वेळा फूटवर्कची, म्हणजे बॉल हातात असताना पाय चुकल्याची, शिट्टी वाजली होती.

लंगडीत तर हिला वर्गात कोणी हरवत नाही. मग हिला तोल नाही असं म्हणू तरी कसं?

दोन-तीन दिवस मी बॉलकडे न बघता नुसते तिचे पाय बघितले. झेल घेऊन उतरली की अंग पुढे जायचं आणि एक बारीकशी उडी मारून ती सावरायची. म्हणजे लंगडीच! लंगडीत तोल गेला की त्यावर उपाय एकच, पुढची उडी. नेटबॉलमध्ये तोच गुन्हा. ज्या पायावर उतरलात तो उचलता येतो, पण बॉल हातात असताना परत टेकवायचा नाही, घासत न्यायचा नाही, त्या पायावर उडी तर मुळीच नाही. ड्रिबल नाही, ३ सेकंदांत पास द्यायचा. धावत आणलेला सगळा वेग जागच्या जागी जिरवायचा, आणि बऱ्याचदा एकाच पायावर. म्हणून या खेळात घोटा आणि गुडघा पहिले दुखावतात.

माझा उजवा घोटा कॉलेजात असताना जांभ्याच्या कडेवर मुरगळला. दहा दिवसांत सूज उतरली, लगेच मैदानात गेले, महिन्याच्या आत तोच पाय परत मुरगळला. ते २०१० साल. त्या ऑक्टोबरात पायाखाली उशी घेऊन मी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली नेटबॉलची फायनल टीव्हीवर बघितली. न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ६६-६४ असं हरवलं, तेही जादा वेळेनंतर पुन्हा जादा वेळ देऊन. घरचे गोल मोजत होते आणि मी त्या बायका उतरतात कशा ते बघत होते. मला तोवर सगळ्यांनी 'आराम कर' एवढंच सांगितलं होतं. पाय वाकडा पडतोय ही खबर सांध्यातून मेंदूकडे जाते, मुरगळल्यावर ती खबर नीट आणि वेळेवर पोचत नाही, ती वाट व्यायामाने पुन्हा चालती करावी लागते, हे बरंच नंतर कळलं.

तोल सांभाळतात डोळे, कानाच्या आतला भाग आणि ही सांध्यांची खबर. नेटबॉलमध्ये डोळे बॉलवर लागलेले, म्हणजे पायांना त्यांची मदत नाही. म्हणून आम्ही डोळे मिटून एका पायावर उभं राहण्यापासून सुरुवात केली. पावसाचे दिवस, मैदानात चिखल, त्यामुळे शाळेची पडवी हीच जिम. घडी घातलेल्या पोत्यावर एक पाय, तीस सेकंद. मग तसंच उभं राहून जोडीदारणीशी बॉलची देवघेव. वाडीतल्या सुताराने फणसाच्या फळीखाली अर्धगोल ठोकळा ठोकून एक डुगडुगती फळी करून दिली. मुली तिच्यावर तुटून पडल्या, पण खरं सांगू का, होडीत वाढलेल्या पोरींनी ती दोन दिवसांत खिशात घातली. उभं राहायला त्यांना कोणी शिकवायला नकोच होतं.

शिकवायचं होतं थांबायला. मग लंगडीतच थोडा बदल केला. घालायची लंगडी, पण मी शिट्टी मारली की स्टॅच्यू. त्याच पायावर, तीन मोजेपर्यंत. गुडघा आत झुकायला नको, पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. कंबर आणि गुडघा वाकवून उतरायचं, आणि पडवीच्या लाद्यांवर 'धप्' असा आवाज आला तर उडी बाद. पुढे उडीत बॉल झेलून तेच, मग हवेत पाव वळसा घेऊन तेच, शेवटी झेलताना जोडीदारणीने खांद्याला हलका धक्का द्यायचा. आठवड्यातून तीन दिवस, वॉर्मअपमध्येच, दहा मिनिटं. दमलेल्या पायांना हे शिकवून उपयोग नाही, म्हणून शेवटी नाही ठेवलं.

कर्द्याच्या पुळणीवर का नेत नाही, असं पालक विचारतात. नेते ना, ओहोटीला, पळायला. मऊ वाळूत पोटऱ्या भरून येतात, घोट्यालाही काम पडतं. पण वाळू वेग गिळून टाकते आणि आम्हाला तो पायांनी गिळायला शिकायचंय. उतरण्याचा सराव कडक जमिनीवरच. मी यावर भांडायला तयार आहे.

मोजायला यंत्रबिंत्र नाही. पडवीत रांगोळीने तीन रेघा काढायच्या, एक पुढे, दोन मागे तिरक्या. मधोमध एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने प्रत्येक रेघेवर जमेल तितकं लांब टेकायचं आणि शिवणाच्या टेपने मोजायचं. पुढच्या रेघेवर उजव्या-डाव्यात ४ सेंमीपेक्षा जास्त फरक दिसला की मी त्या मुलीवर लक्ष ठेवते. आमच्या सेंटरचा फरक पहिल्यांदा ७ निघाला. गेल्या वर्षी आंब्यावरून उतरताना डावा पाय दुखावला होता, हे तेव्हा कुठे सांगितलं तिने!

सहा आठवडे झाले. परवाच्या सामन्यात अख्ख्या खेळात दोनच फूटवर्क, आणि त्यातला एक तर माझ्या मते नव्हताच. काल पुन्हा टेप लावली. फरक अजून ५.

"बाई, टेप भिजून आखडलीय," ती म्हणाली, आणि डाव्या पायावर लंगडी घालत वर्गात पळाली.