तुम्ही विचारलंत म्हणून: काटा शून्यावर येत नाही, घड्याळ घ्यावं का?

जुना क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, हातात आला की हा प्रश्न हमखास येतो. रीसेटचं बटण दाबलं तरी मोठा सेकंदकाटा बाराच्या रेषेवर न येता जरा बाजूला थांबतो. मग घ्यायचं की सोडायचं?

एकदा दाबून ठरवू नका. आठ-दहा वेळा चालू करा, थांबवा, शून्यावर आणा. थांबवण्याची जागा दर वेळी बदला. काटा दर खेपेला त्याच चुकीच्या जागी येत असेल, तर खुशाल घ्या. मधल्या चाकाच्या आसावर हृदयाच्या आकाराचा कॅम, म्हणजे आसाबरोबर फिरणारा छोटा धातूचा तुकडा, असतो; रीसेट दाबल्यावर आतली हातोडी त्यावर आदळली की तो फिरून ठरल्या जागी बसतो. तो बरोबर बसतोय, फक्त वरचा काटा सरकलाय. काढून नीट बसवला की काम झालं.

काटा दर वेळी नव्या जागी थांबत असेल, तर मात्र सावध. कधी काटा ज्या नळीनं आसावर बसतो ती सैल असते, आणि ते सोपं आहे. पण कॅम आसावर ढिला असेल किंवा हातोडीचं तोंड झिजलं असेल, तर सुटे भाग शोधावे लागतात. आणखी एक कारण नजरेतून सुटतं: मिनिटं मोजणाऱ्या काट्यालाही असाच कॅम असतो, त्याला हातोडी आधी टेकते आणि सेकंदांचा कॅम मोकळा राहतो. रीसेटनंतर सेकंदांचा कॅम घट्ट धरलेला हवा. किंचित मोकळीक चालते ती मिनिटांच्या कॅमला.

घड्याळात लँडेरॉन ४८ ही यंत्रणा असेल तर एक गैरसमज आधी दूर करा. त्यात वरचं बटण फक्त चालू करतं. खालचं एकदा दाबल्यावर थांबवतं, पुन्हा दाबल्यावर शून्यावर आणतं. ‘वरच्या बटणानं थांबत नाही’ म्हणून चांगली घड्याळं उगाच बिघडलेली ठरतात, याचं फार वाईट वाटतं.

काटा चालताना थरथरत असेल, तर मधल्या चाकावर हलका दाब देणारी पातळ स्प्रिंग सैल झालेली असते, किंवा मागच्या सफाईत हरवलेली. ती जास्त आवळली तर उलटा त्रास: बॅलन्सचा, म्हणजे घड्याळाची लय राखणाऱ्या झुलत्या चाकाचा, झोका कमी पडतो. टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, क्रोनोग्राफ बंद ठेवून आणि चालू करून, दोन्ही वेळा अँप्लिट्यूड (हाच झोका, अंशांत) बघा. वीस-तीस अंशांची घट साहजिक आहे. पन्नास-साठ अंश पडले तर चाकांची पकड किंवा ही स्प्रिंग तपासायला हवी.

मागचं झाकण उघडता आलं, तर एक्सेंट्रिक स्क्रू भिंगातून जरूर बघा. हे काही पट्ट्या धरणारे स्क्रू नव्हेत. ते फिरवून चाकांचे दाते एकमेकांत किती शिरावेत हे ठरवतात. त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या दिसल्या, तर कुणीतरी ते साधे स्क्रू समजून फिरवलेत. अशा घड्याळाची सगळी जुळणी नव्यानं करावी लागते, तेव्हा ती मजुरी धरूनच किंमत बोला.