केळीच्या रोपांपासून पामच्या रांगांपर्यंत

यावल तालुक्यात आमची नर्सरी 2008 साली सुरू झाली ती टिश्यूकल्चर केळीसाठी. लॅबमधून आलेलं नाजूक रोप पिशवीत लावायचं, शेडनेटखाली तयार करायचं आणि शेतकऱ्याला द्यायचं, एवढंच काम. पुढे जळगाव-भुसावळकडे बंगले, फार्महाऊस, लॉन्स वाढली आणि विचारणा येऊ लागली, "भाऊ, पुण्यात पाहिलं तसं झाड पाहिजे."

'तसं झाड' म्हणजे बहुतेकदा अ‍ॅरेका पाम, नाहीतर केळीसारख्या पानांचं, फुलांसाठी लावतात ते हेलिकोनिया. दोन्ही उष्ण कटिबंधातली, मग खान्देशात का नाही येणार? कुठं कोणतं झाड तगेल हे सांगणारे अमेरिकी पद्धतीचे हवामान विभाग हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरच ठरतात आणि त्या हिशेबात आपण सहज पास होतो. इथं थंडीत केळीचा घड खोडाच्या पोटातच अडकतो, पण बाग मरत नाही. जीव घेतो तो मे महिना. पारा 45 च्या आसपास, हवेत ओलावा नाही आणि दुपारभर झळा.

अ‍ॅरेका आणि बिस्मार्किया हे दोन्ही पाम मादागास्करचे. अ‍ॅरेका बेटाच्या पावसाळी पूर्वेकडचा, बिस्मार्किया पश्चिम-उत्तरेच्या कोरड्या गवताळ रानातला. आमच्या आवारात मेमध्ये अ‍ॅरेकाच्या पानांची टोकं करपलेली असतात, बिस्मार्कियाची रुपेरी पानं मेणाचा थर लेवून मजेत उभी. फक्त त्याच्या मुळांना धक्का लागलेला त्याला अजिबात खपत नाही, म्हणून तो जमिनीत न वाढवता आम्ही सुरुवातीपासून मोठ्या पिशवीतच वाढवतो.

उन्हाच्या बंदोबस्ताची युक्ती केळीवाल्यांचीच. बागेच्या कडेनं ते झळा अडवायला शेवरीची झाडं लावतात, तशी आम्ही नर्सरीच्या पश्चिमेला लावली. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून रोपं येतात, ती गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेली. त्यांची सावलीतली पानं रुंद आणि पातळ असतात. ती आधी दाट जाळीखाली, मग विरळ जाळीखाली, मग उघड्यावर. उन्हात फुटलेलं नवं पान लहान, जाड निघालं की रोप विक्रीला काढायचं. यात एक हंगाम जातो आणि भाव थोडा चढतो. लँडस्केपवाले त्यावरून कुरकुर करतात, करू देत.

बोगनवेल, कण्हेर, अडेनियम यांची काळजीच नाही. चाफ्याचं मात्र दर हिवाळ्यात तेच. पानं गळाली की फोन येतो, "दादा, झाड मेलं." फांदी नखानं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर पाणी कमी करा आणि उन्हाळ्याची वाट बघा, असं सांगतो.

हेलिकोनिया आम्ही विकतो, पण पाऊस पडल्यावर, आणि आंब्याची सावली नि पाचटाचं आच्छादन देणार असाल तरच. काळ्या मातीत पाणी साचत असेल तर आधी गादीवाफा करायला लावतो.

गेटजवळच्या फॉक्सटेल पामला आता फळं धरू लागली आहेत. लाल झाली की गर काढून बी कोकोपीटमध्ये लावतो. उगवायला महिने लागतात, पण ही रोपं पहिल्या पानापासून इथल्याच हवेत वाढतात. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा पहिला लॉट विक्रीला येईल.