नीतीचा तास

“रात्री झोप लागते का हो तुम्हाला?” टीव्हीवरच्या बाईंनी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या एका माणसाला विचारलं. घराचा भाव कर्जाच्या निम्म्यावर आला होता, म्हणून त्यानं हप्ते बंद केले आणि किल्ल्या बँकेला देऊन टाकल्या.

स्वर असा, जणू यानं चोरीच केली.

आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “अगंबाई, मग राहतो कुठे आता तो?” बाईंना हे सुचलं नव्हतं.

आणि न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधली स्टायव्हेसंट टाउन आणि पीटर कूपर व्हिलेज ही जोडवसाहत? ११ हजारांवर घरं, २००६ साली ५.४ अब्ज डॉलरला घेतलेली. त्याच वर्षी, २०१०च्या जानेवारीत, ती घेणाऱ्या टिशमन स्पायर आणि ब्लॅकरॉक या बड्या कंपन्यांनी कर्ज न फेडता ती सावकारांच्या हवाली केली. त्यांचा असा तास घेतलेला मी तरी कुठल्या चॅनलवर पाहिला नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिलाय?