एक मिसफायर तीनवरून एकवर गेला, आणि तीनवरही राहिला

घरी जाऊन गाड्या बघायचं काम करतो मी, त्यातली ही एक केस अजून डोक्यातून जात नाही.

ज्यांची गाडी होती ते काका वैतागलेले होते. आधी गाडी मिसिंग मारत होती म्हणून एका ठिकाणी चारही स्पार्क प्लग बदलून घेतले, दहा दिवस मस्त चालली आणि परत तेच. मग दुसऱ्या ठिकाणी तीन नंबर सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) नवीन टाकली, दोन आठवडे ठीक आणि पुन्हा झटके. आता कोणीतरी सांगितलं होतं की व्हॉल्व्ह गेलाय, इंजिन उघडावं लागेल. काकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, खरंच उघडावं लागेल का रे?

म्हटलं आधी बघू तर द्या.

स्कॅनर लावला तर कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबर सिलिंडर मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाहीये. पण उभी गाडी एकदम शांत, आयडलला काहीच नाही. झटके कधी येतात विचारलं तर म्हणाले चढावर, वरच्या गिअरमधे अॅक्सिलरेटर दाबला की, आणि तेव्हा चेक लाइट ब्लिंक होतो. हे ऐकून मला जरा हायसं वाटलं, कारण व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर त्रास बहुतेक वेळा आयडललाच जास्त दिसतो. लोडवरच मिस होतंय म्हणजे संशय पहिला स्पार्कवर. अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधे हवा जास्त भरते, प्रेशर वाढतं, आणि दाबातल्या हवेतून ठिणगी उडवायला कॉइलला खूप जास्त व्होल्टेज लागतं. त्या वेळी विजेला दुसरी सोपी वाट मिळाली तर ती प्लगच्या गॅपमधून, म्हणजे टोकाच्या फटीतून, जातच नाही.

इंजिन बंद करून तीनची कॉइल एकवर आणि एकची तीनवर लावली, प्लगला हात लावला नाही, कोड क्लिअर केला आणि काकांना शेजारी बसवून जवळच्या चढावर एक छोटी चक्कर. लाइट ब्लिंक व्हायला लागल्यावर लगेच पाय काढला, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करतो तो) जाऊन जळतं आणि तो कायमचा खराब होतो, ब्लिंक होत असताना गाडी दामटत नेऊच नये.

परत येऊन बघतो तर पी०३०१ पण आणि पी०३०३ पण!

काकांचा चेहरा पडला, त्यांना वाटलं अजून बिघडली. खरं सांगतो दोन मिनिटं मीही नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. कॉइल खराब असती तर मिसफायर एकवर गेला असता, प्लग खराब असता तर तीनवरच राहिला असता. दोन्हीकडे म्हणजे दोन्ही खराब? प्लग काही आठवड्यांचा आणि कॉइल त्याहून नवीन!

इंजिन गार व्हायला तासभर थांबलो (गरम अॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढला की आटे जायची भीती असते, इथे घाई करायचीच नाही) आणि तीनचा प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. बरेच जण याच्यात आणि खालच्या कडेला गोल येणाऱ्या तपकिरी डागात गल्लत करतात, तो डाग निरुपद्रवी असतो, ही उभी रेघ म्हणजे ठिणगी बाहेरून खाली उतरल्याची खूण. मग आधी तीनवर असलेल्या, आता एकवर लावलेल्या कॉइलचा रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी नळी, काढून ब्लेडने उभा चिरला, आत तशीच रेघ, प्लगवरच्या रेघेसमोर धरली तर बरोब्बर जुळली. काका चष्मा लावून कितीतरी वेळ बघत होते.

मग तेच आत गेले आणि जुने काढलेले चार प्लग घेऊन आले, जपून ठेवले होते. फट मोजायची पट्टी, फीलर गेज, घातली तर गॅप १.५ मिमीच्या वर, पाहिजे १.१. आणि त्यातल्या एकावर तशीच काळी रेघ! सगळं तिथेच उलगडलं. प्लग झिजून गॅप वाढला, ठिणगीने बाहेरची वाट धरली, प्लगवर आणि बुटावर कार्बनची रेघ उमटली. नवीन प्लग टाकला तेव्हा बूट जुनाच, त्याने नवीन प्लग डागाळला. नंतर कॉइल बुटासकट नवीन आली तेव्हा प्लग डागाळलेला, त्याने नवीन बूट खराब केला. दोन्ही वेळी निम्मं काम झालं आणि उरलेल्या निम्म्याने नवीन पार्ट खाल्ला.

आणि माझ्या अदलाबदलीत खराब बूट एकच्या चांगल्या प्लगवर बसला होता, खराब प्लगवर एकचा चांगला बूट. म्हणून दोन्ही प्लग आणि दोन्ही बूट एकदमच बदलले, एकवर अजून काही दिसत नव्हतं तरी. कॉइल चांगली होती, ती ठेवली. काकांच्या मनातली व्हॉल्व्हची भीती जावी म्हणून मधे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तोही मोजला, चारही १७० ते १८० पीएसआयच्या मधे, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक. गॅप तपासला, प्लग आधी हाताने फिरवत नेले आणि शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या १८ न्यूटन मीटरला आवळले, बुटाच्या आत थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस.

परत तोच चढ, वरचा गिअर, पूर्ण अॅक्सिलरेटर. काका स्कॅनर हातात धरून मिसफायरचे आकडे मोठ्याने वाचत होते, एक शून्य, दोन शून्य, तीन शून्य, चार शून्य. वर पोचल्यावर म्हणाले, वळव आणि अजून एकदा घे.