सर, तुमचा भाला किती लांब जायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ५८ मीटर. तेही एकदाच, विद्यापीठाच्या निवड चाचणीत. नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटर फेकून सुवर्ण आणलं, तेव्हापासून मैदानावर मुलं वाढली आणि त्यांना सोडायला येणाऱ्या पालकांचा हा प्रश्नही वाढला. माझा आकडा ऐकला की समोरचा माणूस नुसतं "अस्सं" म्हणतो. त्या "अस्सं"मध्ये बरंच काही असतं.

मग मी टॉम हाऊस काढतो. घरात याला माझं कीर्तन म्हणतात.

हाऊस हा अमेरिकेतला डावखुरा बेसबॉल पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज. १९७१ ते १९७८ या काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगमध्ये, तीन संघांकडून खेळला. त्याचा चेंडू जायचा ताशी ८२ मैलांनी, म्हणजे १३२ किलोमीटर. तिथल्या हिशेबात हे रमतगमतच. वेग वाढावा म्हणून त्याने स्टिरॉइड्सही घेतली. २००५ साली त्याने स्वतःच हे कबूल केलं. वजन वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले, वेग होता तिथेच राहिला. 'सर, कुठली पावडर देऊ?' असं विचारणाऱ्यांसाठी हा भाग मी जरा सावकाश सांगतो.

खेळाडू म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला तो एका झेलामुळे. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक एरनने बेब रूथचा कारकिर्दीतल्या होमरनचा विक्रम मोडणारा ७१५वा होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला. राखीव पिचर कुंपणामागे थांबले होते, चेंडू तिथे गेला आणि हाऊसच्या हातमोज्यात बसला. तो घेऊन हा मैदानभर पळत आला आणि एरनच्या हातात दिला. मला तर वाटतं, कोच व्हायची सुरुवात तिथेच झाली.

१९८५ मध्ये तो टेक्सास रेंजर्स या संघाचा पिचिंग कोच झाला. पिचरांना अमेरिकन फुटबॉल फेकायला लावायचा, लोक हसायचे. पण तो लांबट चेंडू हात नीट फिरला तरच भिंगरीसारखा गरगरत सरळ जातो, जरा चुकलं की हवेत डुगडुगतो. कोचने तोंड उघडायची गरजच नाही! १९८९ मध्ये नोलन रायन हा पिचर तिथे आला, वय ४२. तो वेगाचा बादशहा, हाऊस त्याच्याच वयाचा आणि खेळ सोडून अकरा वर्षं झालेला. हा त्याला वेग काय शिकवणार? शिकवला तो टिकायला. समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं) मिळू न देणं म्हणजे नो-हिटर. रायनने तिथे आणखी दोन टाकले, शेवटचा १९९१ साली, वयाच्या ४४व्या वर्षी.

हाऊसचं म्हणणं असं, की हात जेवढा थांबवता येतो तेवढ्याच जोरात तो फेकता येतो. चेंडू सुटल्यावर खांद्यामागचे स्नायू ब्रेक लावतात. ब्रेक कच्चे आणि जोर मात्र पुरा, मग खांदा तरी जातो नाहीतर कोपर. माझा खांदा तेविसाव्या वर्षी गेला. फडताळातला डबा काढायला आजही डावा हात लागतो. आम्हाला शिकवणाऱ्यांना एकच मंत्र ठाऊक होता, "लाव जोर!"

म्हणून माझ्याकडे नव्या मुलाला पहिले काही आठवडे भाला नाही, पंचा. ही हाऊसचीच टॉवेल ड्रिल. मुलगा एक गुडघा टेकून बसतो, पंच्याचं टोक बोटांत धरतो, समोर जोडीदार तळहात पुढे करतो. फेकीची अख्खी हालचाल करून पंचा त्या तळहातावर बसवायचा. खांदा लवकर उघडला की तो अलीकडेच फडफडतो. जमलं की 'सट्' असा आवाज येतो. मागच्या महिन्यात एक वडील कट्ट्यावरून म्हणाले, "धुणं झटकायला शिकवताय का?"

पण कीर्तनाला उत्तररंगही असतो. २००८ साली उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, एका स्पर्धेतून निवडले जाऊन लॉस एंजेलिसला याच हाऊसकडे गेले. त्याआधी बेसबॉल खेळलेलेही नव्हते. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या संघाने दोघांना करारबद्ध केलं. दिनेश दोनेक वर्षांत परतला. रिंकू खालच्या लीगमध्ये काही वर्षं खेळला, मग कोपराने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली, मेजर लीग राहून गेली ती गेलीच. पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. म्हणजे खुद्द हाऊसच्या हाताखाली शिकूनही कोपर वाचेलच असं नाही. हेही मी पालकांना सांगतो. ते ऐकून दोघा पालकांनी मुलं दुसरीकडे घातली.

धुण्याचं विचारणारे वडील मात्र राहिले. परवा मुलाचा पंचा पावसात भिजला होता, तर त्यांनी स्वतःच्या गळ्यातला नॅपकिन काढून दिला.