आकाशरेषा कोण आखतं? शिकागो, न्यूयॉर्क आणि इतर काही शहरं

अमेरिकेतल्या शहरांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर सगळी एकाच साच्यातली वाटतात. पाण्याच्या काठावर काचेचे उंच टॉवर, रात्रीचे दिवे, मध्येच एखादा टोकदार मनोरा. घरून फोन आला की प्रश्नही ठरलेला असतो, ‘त्यातली सगळ्यात उंच कुठली गं?’ उंचीचा आकडा मी सांगते, पण मला खरं सांगायचं असतं ते वेगळंच. इमारत किती उंच जाऊ शकेल हे पैसा आणि तंत्र ठरवतात. ती कुठल्या आकाराची होईल, कुठे उभी राहील आणि तिच्या बाजूला किती आकाश मोकळं राहील, हे मात्र बहुतेक शहरांत एखाद्या जुन्या नियमाने किंवा भांडणाने ठरवलेलं आहे. ते भांडण माहीत झालं की शहर वेगळंच दिसू लागतं.

सुरुवात शिकागोपासून करते. मी इथे राहते आणि गगनचुंबी इमारतीची गोष्टही मोठ्या प्रमाणात इथूनच सुरू होते.

ऑक्टोबर १८७१ च्या आगीत शहराचा मधला भाग जळून गेला. सुमारे ३०० माणसं गेली, एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. शहर पुन्हा उभं राहताना जमिनीचे भाव भराभर चढले. बाजारपेठेच्या एका बाजूला सरोवर, दोन बाजूंना नदी, उरलेल्या बाजूला रेल्वेचे रूळ. पसरायला वाव नव्हता, म्हणून वर जायचं. लिफ्ट तोवर आली होती, अडचण होती ती भिंतींची. विटांच्या भिंतीवर जितके मजले चढवाल, तितकी ती तळाशी जाड करावी लागते.

ही अडचण डोळ्यांनी पाहायची असेल तर डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या मोनॅडनॉक बिल्डिंगपुढे उभं राहावं. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ चा आहे. १६ मजले, भार जवळपास सगळा विटांच्या भिंतींवर, आणि तळमजल्यावर त्या भिंती सहा फूट जाड. दक्षिणेकडचा अर्धा भाग दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये बांधला, तो पोलादी सांगाड्यावर. दोन्ही एकमेकांना चिकटून उभे आहेत. चार पावलं चाललं की बांधकामाचं एक युग संपून दुसरं सुरू होतं. लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर भार घेणारी वास्तुकार विल्यम ल बॅरन जेनीची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग त्याआधीच, १८८५ मध्ये, उभी राहिली होती. तिलाच बरेच जण जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात. इतिहासकारांचा त्यावर वाद आहे. ती १९३१ मध्ये पाडली. मोनॅडनॉक मात्र अजून वापरात आहे, खाली दुकानं आणि वर ऑफिसं.

इथून पुढची गोष्ट आपल्याकडच्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. फझलुर रहमान खान यांचा जन्म १९२९ चा, ढाक्याचा. शिक्षण कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या आणि मग ढाक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. १९५२ मध्ये ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात आले आणि पुढे शिकागोच्या एसओएम या वास्तुकला-इंजिनिअरिंगच्या फर्ममध्ये रुजू झाले. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचं वजन नसून वारा असतो. चाळीसेक मजल्यांच्या वर जुन्या पद्धतीचा खांब-तुळयांचा सांगाडा वाऱ्याला तोंड देता देता इतकं पोलाद खायचा की बांधणं परवडत नसे. खान यांनी ताकद इमारतीच्या पोटातून काढून तिच्या सालीत आणली. बाहेरच्या खांबांची चौकट अशी बांधायची की सगळी इमारत मिळून एक पोकळ नळी होईल. बांबू आतून पोकळ असूनही वाऱ्यात टिकतो, तसं.

१९६९ मध्ये पूर्ण झालेल्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या अंगावर बाहेरून मोठमोठ्या फुल्या दिसतात, त्या सजावटीच्या नाहीत. वारा त्याच पेलतात. एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस फुटामागे सुमारे ४२ पौंड पोलाद लागलं होतं, हॅनकॉकला सुमारे ३० पुरलं. नंतर सिअर्स टॉवरमध्ये त्यांनी अशा नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्यावर, तीन नव्वदाव्यावर आणि दोन शेवटपर्यंत जातात. त्याचा तो पायऱ्यापायऱ्यांचा आकार यातूनच आला. ४४२ मीटरचा हा टॉवर १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होता. आता त्याचं नाव विलिस टॉवर आहे, पण शिकागोची माणसं सिअर्सच म्हणतात आणि मीही तेच म्हणते.

खान १९८२ मध्ये वारले. शहराच्या उत्तर भागात ग्रेसलँड नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथे लुई सलिवन, डॅनियल बर्नम आणि मीस व्हॅन डर रोह यांच्यासारख्या वास्तुकारांच्या सोबतीला ढाक्याच्या या इंजिनिअरची कबर आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या लोकांसाठी त्यांनी इथे शिकागोत मदतनिधी उभारला होता. मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना सिअर्सच्या वरच्या काचेच्या सज्जात नेते आणि खाली उतरल्यावर खान यांच्याबद्दल सांगते. बहुतेकांनी त्यांचं नाव ऐकलेलं नसतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

पण शिकागो मला सर्वांत आवडतं ते केवळ टॉवरांमुळे नव्हे. १८३६ मध्ये सरोवराकाठच्या जमिनीचा नकाशा करताना अधिकाऱ्यांनी त्यावर लिहून ठेवलं की ही जागा सार्वजनिक आहे आणि ती कायम मोकळी राहील, तिथे इमारत बांधायची नाही. पुढे अर्थातच सगळ्यांची नजर तिच्यावर गेली. टपालाने माल विकणारे मोठे व्यापारी आरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८९० पासून दोन दशकं कोर्टात भांडून ती जमीन वाचवली. प्रतिष्ठित मंडळी त्यांच्यावर नाराज होती, वर्तमानपत्रांतून टीकाही झाली. आज मिशिगन ॲव्हेन्यूवर टॉवरांची सलग भिंत उभी आहे आणि तिच्यासमोर ग्रँट पार्क आणि मग थेट पाणी. या भिंतीसमोर कुणी बिल्डर आडवा येऊ शकला नाही, म्हणूनच शिकागोची स्कायलाइन पूर्ण दिसते. समुद्रकिनाऱ्यालगतची इंच न् इंच जागा विकली जाताना पाहिलेल्या मुंबईच्या माणसाला हे काय आहे ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

न्यूयॉर्कचं भांडण सावलीचं आहे.

१९१५ मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग झाली. ३८ मजले, रस्त्याच्या कडेपासून सरळ वर, जराही मागे न सरकता. शेजारच्या इमारती दिवसाढवळ्या अंधारात गेल्या आणि आरडाओरडा झाला. १९१६ मध्ये शहराने नियम केला की ठरावीक उंचीनंतर इमारतीने पायरीपायरीने मागे सरकायचं. प्लॉटच्या एक चतुर्थांश भागावर मात्र हवं तितकं वर जाता येईल. मॅनहॅटनच्या १९२०-३० च्या दशकांतल्या इमारती खाली रुंद, मध्ये पायऱ्या आणि वर निमुळता मनोरा अशा दिसतात, त्यामागे वास्तुकारांच्या आवडीपेक्षा हा नियम जास्त आहे. पण त्या नियमाच्या चौकटीत माणसांनी काय सुंदर काम केलंय! क्रायस्लर बिल्डिंगचं स्टेनलेस स्टीलचं शिखर तर इमारतीच्या आतच गुपचूप जोडलं आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये वर चढवलं, कारण वॉल स्ट्रीटवर एका दुसऱ्या टॉवरशी उंचीची शर्यत लागली होती. क्रायस्लरने ३१९ मीटरची उंची गाठून ती जिंकली. पण ते कौतुक वर्षभरही टिकलं नाही म्हणा. १ मे १९३१ ला १०२ मजल्यांची, ३८१ मीटरची एम्पायर स्टेट उघडली. तिच्या बांधकामाला अवघे ४१० दिवस लागले.

आणि आता सेंट्रल पार्कच्या दक्षिणेला नवे सुईसारखे टॉवर उभे राहिले आहेत. ४३२ पार्क ॲव्हेन्यू, ५७ व्या रस्त्यावरचा स्टाइनवे टॉवर, सेंट्रल पार्क टॉवर. स्टाइनवे ४३५ मीटर उंच आहे आणि त्याची रुंदी उंचीच्या चोविसाव्या भागाएवढीच. इंजिनिअरिंग म्हणून थक्क व्हायला होतं. इतकी उंची मिळते कशी? शेजारच्या बुटक्या इमारतींचा न वापरलेला बांधकामाचा हक्क विकत घेऊन. मुंबई-पुण्याच्या वाचकाला एवढं सांगितलं की पुरे, हे आपल्या टीडीआरचंच, म्हणजे हस्तांतर करता येणाऱ्या बांधकाम हक्काचं, भावंड. शिवाय यंत्रसामग्रीसाठी ठेवलेले रिकामे, उंच मजले क्षेत्रफळात मोजत नसत, म्हणून काही बिल्डर ते मुद्दाम उंच ठेवून वरचे फ्लॅट आणखी वर न्यायचे. ही पळवाट २०१९ मध्ये शहराने बरीचशी बंद केली.

मला हे टॉवर आवडत नाहीत. त्यातले बरेच फ्लॅट वर्षातला मोठा काळ रिकामे असतात, आणि हिवाळ्यात त्यांची लांब सावली त्या बागेवर पडते जिथे सामान्य न्यूयॉर्ककर ऊन खायला येतो. १९८७ मध्ये बागेच्या नैऋत्य कोपऱ्यावर असाच एक प्रचंड प्रकल्प यायचा होता, तेव्हा शेकडो लोकांनी सेंट्रल पार्कात छत्र्या उघडून सावली कुठवर येईल ते दाखवलं होतं. तो प्रकल्प मागे पडला आणि पुढे तिथे त्याहून लहान इमारत झाली. तशी छत्री पुन्हा कुणीतरी उघडायला हवी होती.

फिलाडेल्फियात कायदा नव्हता, फक्त शब्द होता. सिटी हॉलच्या मनोऱ्यावर शहराचे संस्थापक विल्यम पेन यांचा सुमारे ३७ फुटी पुतळा आहे, जमिनीपासून १६७ मीटरवर. त्यांच्या हॅटच्या वर कुणी बांधायचं नाही, असा अलिखित संकेत जवळजवळ सगळं विसावं शतक पाळला गेला. कुठेही लिहून न ठेवलेली गोष्ट एवढ्या मोठ्या व्यापारी शहरात इतकी वर्षं पाळली गेली, हेच मला विलक्षण वाटतं. १९८७ मध्ये वन लिबर्टी प्लेस या २८८ मीटरच्या टॉवरने ती मोडली. योगायोग असा की त्यानंतर शहरातल्या एकाही मोठ्या संघाला विजेतेपद मिळेना आणि लोक म्हणू लागले, पेनचा शाप लागला. अखेर २००७ मध्ये कॉमकास्ट सेंटर हा नवा सर्वांत उंच टॉवर होताना बांधकामावरच्या लोकांनी वरच्या शेवटच्या तुळईवर पेनची छोटीशी मूर्ती बसवली. पुढच्याच वर्षी शहराचा फिलीज संघ बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकला. शापावर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, इमारतीच्या उंचीशी एखाद्या शहराचं इतकं भावनिक नातं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

वॉशिंग्टन तर मुद्दाम बुटकं आहे. १८९४ मध्ये तिथे कैरो नावाची १६४ फुटांची इमारत झाली, शेजारी घाबरले, आणि त्यातून १८९९ आणि १९१० चे उंचीचे कायदे आले. कॅपिटॉलपेक्षा, म्हणजे तिथल्या संसदेच्या इमारतीपेक्षा, उंच बांधायला बंदी आहे असं सगळे सांगतात, ते चूक आहे. १९१० च्या कायद्याचा मूळ हिशेब रस्त्याच्या रुंदीचा: रस्ता जितका रुंद, त्याहून वीस फूट जास्त, आणि त्यावर कमाल मर्यादा. त्यामुळे तिथे रस्त्यावर ऊन येतं आणि १६९ मीटरचा वॉशिंग्टन स्तंभ अजूनही लांबून दिसतो. भाडी चढतात हेही खरंच.

पश्चिमेकडे नियमांमागे भीती दिसते. लॉस एंजेलिसच्या टॉवरांची डोकी एकसारखी सपाट का, तर आगीच्या वेळी हेलिकॉप्टर उतरायला जागा हवी म्हणून १९७४ पासून सक्ती होती. २०१७ च्या विल्शायर ग्रँडने सूट मिळवून वर निमुळतं शिखर घेतलं आणि २०१४ मध्ये मूळ नियमही सैल झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोत १९८४ मध्ये मतदारांनीच ठरवलं की नव्या उंच इमारतींची सावली सार्वजनिक बागांवर पडू द्यायची नाही. तिथला १९७२ चा ट्रान्सअमेरिका पिरॅमिड वर निमुळता होत जातो आणि खालच्या रस्त्याला उजेड मिळतो. त्याच शहरात मऊ मातीवर २००९ मध्ये उघडलेला ५८ मजली मिलेनियम टॉवर ४० सेंटिमीटरहून जास्त खचला आणि कलला. मग खडकापर्यंत नवे खांब नेऊन त्याला आधार द्यावा लागला.

कधी आलात तर या गोष्टी कुठून पाहाव्यात तेही सांगते. न्यू जर्सीत एडिसनला किंवा जर्सी सिटीत कुणाकडे उतरला असाल, तर जर्सी सिटीच्या एक्सचेंज प्लेसला नदीकाठी संध्याकाळी जा. दक्षिण मॅनहॅटन समोर पूर्ण उलगडतं, तेही तिकीट न काढता. फिलाडेल्फियात आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवरून सरळ रस्त्याच्या शेवटी सिटी हॉल आणि त्याच्या डोक्यावरून गेलेले टॉवर दोन्ही एकदम दिसतात. शिकागोत सकाळी ॲडलर तारांगणापाशी जा, उगवतीचं ऊन सगळ्या भिंतीवर पडतं. दुपारी नदीतली वास्तुकलेची बोट घ्या, साधारण दीड तासाची असते आणि वसंतापासून शरदापर्यंत चालते. वरच्या उघड्या डेकवर बसा आणि मेमध्ये आलात तरी जॅकेट घाला.